रुखमा कुमरेची बैठक

तळेगावात, म्हणजे आष्टी तालुक्यातल्या श्यामजी पंत तळेगावात, कुणाच्या घरी कार्य ठरलं की तारीख पक्की करण्याआधी एक निरोप रुखमा कुमरेकडे जातो. आचारी दहा मिळतात. पाटोडीचा रस्सा त्यांच्यातला कुणीही करतो. लांब रोट्या टाकणाऱ्या बाया मात्र मोजक्या.

या रोटीची कणीक इतकी सैल असते की परातीत ठेवली तर पसरत जाते. तिचा गोळा उचलायचा, दोन्ही तळव्यांवरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत खेळवायचा, आणि हातभर लांब, कागदासारखी पातळ झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायची. बघणारे हातांचं कौतुक करतात. रुखमाला ते पटत नाही.

"हात कोनाचाई शिकते," ती म्हणते. "बैठक लागते. पंगत उठेपर्यंत चार घंटे चुलीसमोरून हालली नाई पाह्यजे बाई."

रुखमा आता सेहेचाळीस वर्षांची आहे. तिचा नवरा पुनाजी वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर. नवऱ्याशी ती गोंडीत भांडते आणि मराठीत समेट करते. समेट चार लोकांना कळलेला बरा, असं तिचं म्हणणं. अंगणाच्या पलीकडे धाकटी जाऊ चंचल राहते. रुखमानेच तिला रोट्या शिकवल्या, आणि पाच बायांचा एक जथा उभा केला. माझ्या माहेरी आष्टीला गेल्या वीस वर्षांत एकही कार्य या बायांशिवाय झालेलं नाही, म्हणून मी तिला ओळखते.

तीन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत एका लग्नाहून परतताना मालवाहू गाडी वळणावर कलंडली. बाया मागे भांड्यांबरोबर बसल्या होत्या. बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं. रुखमाच्या पाठीवर रश्श्याचं पातेलं, त्याच्यावर लोखंडी शेगडी, असं सगळं आलं. वर्ध्याच्या इस्पितळात ती दीड महिना होती. डॉक्टरांनी पुनाजीला बाजूला घेऊन सांगितलं, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू चिरडली आहे, कंबरेखाली आता हालचाल यायची नाही, स्पर्शही कळायचा नाही. पुनाजीने ते ऐकलं, मान हलवली, आणि घरी येईपर्यंत बायकोला सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डाक्टर काय देव आहे का?"

चौथ्या महिन्यात पाय जळायला लागले.

जळायला म्हणजे निखाऱ्यावर धरल्यासारखे. मांडीत सुया, पोटऱ्यांत आग, तळव्यांखाली तापलं मडकं. हात लावला तर काही कळत नाही, चिमटा काढला तर कळत नाही, आणि आग मात्र चोवीस तास. दहा मिनिटं ताठ बसलं की ती आग कंबरेपर्यंत चढायची आणि रुखमाला आडवं व्हावं लागायचं. दात आवळून ती भिंतीकडे तोंड करायची.

याच आगीला सगळ्या घराने आनंदाची बातमी मानलं. चंचलचं गणित सरळ होतं.

"मांडी घालून बसलं की पाय झोपते का नाई? मंग त्याले मुंग्या येते, आग होते, अन् जागा होते. बाईचा पाय जागा होऊन राह्यला!"

शेजारपाजारच्या बायांना पटलं. रुखमाला तर पटलंच, कारण तिला पटवून घ्यायचंच होतं. डॉक्टरांनी दिलेल्या नसांच्या गोळ्या तिने बंद केल्या. "झोपल्या पायाले अजून काऊन झोपवू?" चंचल रोज मोहाचं तेल चोळायची, रुखमा ओठ चावून सहन करायची, आणि कुणी विचारलं की अभिमानाने सांगायची, "आज लई जळले. मांडीपर्यंत आलं."

दीड वर्ष हे चाललं. पाय वाळत गेले. आग वाढत गेली.

मग वर्ध्याच्या इस्पितळाचं फिरतं केंद्र दर मंगळवारी तळेगावच्या समाजभवनात यायला लागलं. त्याबरोबर ऋचा नावाची फिजिओथेरपिस्ट होती, तिशीतली, बोलायला मोकळी. तिच्याकडे डोळ्यांना बांधायचं एक यंत्र होतं. ते बांधून खाली बघितलं की आपल्या कंबरेखाली चालते पाय दिसायचे. मेंदूला चालणारे पाय दाखवत राहिलं की कण्याला इजा झालेल्या काही लोकांची आग कमी होते, असं तिने समजावलं. सगळ्यांचीच होईल असं नाही, आणि याने खरे पाय चालणार नाहीत, हेही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

रुखमाने शेवटचं वाक्य कानाआड केलं. चालते पाय दिसतात एवढं तिला पुरे होतं.

त्यात दिसले ते पाय एका बागेत चालत होते. जीनची पँट, पांढरे बूट, बाजूला बाकडी. वीस मिनिटांनी यंत्र काढलं तेव्हा आग बरीच उतरली होती. ऋचा खूश झाली. रुखमाचा चेहरा पांढरा पडला. घरी येऊन खाटेवर टेकल्यावर तिने मांडीला चिमटे काढले, पोटऱ्या दाबल्या. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला आग परत चढली, आणि पुनाजी सांगतो, दीड वर्ष त्या आगीने रडणारी त्याची बायको त्या दिवशी हसली.

"आली रे बाप्पा. मले वाटलं, गेला पायातला जीव."

पुढच्या मंगळवारी ती गेली नाही. ऋचा घरी आली. तिने परोपरीने सांगितलं. तार मधेच तुटली तरी फोनमध्ये खरखर ऐकू येते ना, तसं हे आहे. ही आग पायातून येत नाही, डोक्यातच पेटते. रुखमाने चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, दुखनं कमी कराले मी आलीच नव्हती. मले चालाले पाह्यजे. दुखनं राहू द्या तुम्ही."

ऋचा गेल्यावर चंचलने दुजोरा दिला, "बैलाले झापड बांधते तसं ते डोयाले बांधाचं अन् पाय मारून टाकाचे. नको बाई ते."

उन्हाळ्यात चंचलच्या घरी तिच्या माहेरची माणसं यायची होती. घरच्यापुरत्या रोट्या होत्या, तीस-चाळीस. रुखमाने हट्ट धरला की दहा तरी मी टाकीन. तिला भिंतीला टेकवून चुलीजवळ बसवलं, पाय पुढे पसरले. सात-आठ रोट्या झाल्या. हात तसाच चालत होता, रोटी कोपरावरून सुळकन मडक्यावर. रुखमा खुशीत होती, चंचलला टोमणे मारत होती. "तुही रोटी पाह अन् माही पाह. तुही तं वरवंट्यानं केल्यासारखी आहे."

चंचलला आधी वास आला. तिला वाटलं कणीक लागली.

मग ती किंचाळली, "बाई! पाय!"

चुलीतलं लाकूड सरकून एक निखारा रुखमाच्या उजव्या पावलावर पडला होता. किती वेळ पडला होता कोण जाणे. लुगड्याचा काठ काळा झाला होता, पावलावर लिंबाएवढी जागा भाजून पांढरी पडली होती. रुखमा त्या क्षणी दुसऱ्या गोळ्याला हात घालत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

चंचलने निखारा उडवला, पाणी ओतलं, रडायला लागली. रुखमा रडली नाही. ती आपल्या पावलाकडे बघत बसली. कणकेचे हात तसेच अधांतरी. मग म्हणाली, "खरा निखारा पडला, तं पाय काई बोल्ला नाई. अन् निखारा नसते तवा दिवसभर बोंबलते."

पुनाजी रोपवाटिकेतून आला तेव्हा ती त्याला गोंडीत काहीतरी म्हणाली. चंचल पलीकडून ऐकत होती. तिने मला नंतर सांगितलं, रुखमा म्हणाली होती की माझे पाय मेले, तुला हे आधीपासूनच पटलं होतं ना. आणि पुनाजी "हो" म्हणाला.

ती जखम भरायला दोन महिने लागले. त्या काळात तेल चोळणं रुखमाने स्वतःच बंद केलं. गोळ्या परत सुरू केल्या. जखम कोरडी झाली त्या आठवड्यात मंगळवारी तिने पुनाजीला चाकांची खुर्ची काढायला सांगितलं.

समाजभवनात जाऊन ऋचाला म्हणाली, "आना तुमचा चष्मा. पाय तं उठत नाई, बैठक तरी परत द्या."

ऋचाने विचारलं, "आज दुखणं किती आहे, दहापैकी?"

"दहापैकी मले समजत नाई. बारा रोट्या होते, मंग आडवं व्हावं लागते."

ऋचाने कागदावर बारा रोट्या असं लिहिलं. मला ती पोरगी तिथेच आवडली.

दोन-तीन वेळा झालं, पण गाडी वीस रोट्यांच्या पुढे सरकेना. रुखमाच शेवटी म्हणाली, "हे पाय माहे नाईत. मी जल्मात बूट घातला नाई. अन् अशी रिकाम्या हातानं बगिच्यात कोन फिरते? डोक्यावर परात नाई, काखेत मडकं नाई. अशा चालीले मी ओळखतच नाई, तं माहं डोकं कसं ओळखीन?"

ऋचाने वर्ध्याला जाऊन तिथल्या संगणकाच्या माणसाशी बोलणं केलं. त्याने सांगितलं, चालणाऱ्याच्या छातीला कॅमेरा बांधून तुमच्या गावातच चित्रण करून आणा, मी बसवून देतो. प्रश्न आला, चालायचं कुणी? रुखमाच्या उंचीची, तिच्यासारखंच लुगडं नेसणारी, पोटरीवर गोंदण असलेली बाई पाहिजे.

"मी नाई बाप्पा," चंचल म्हणाली. मग म्हणाली, "मीच आहे ना पन तशी."

तो दिवस तळेगाव विसरायचं नाही. चंचलच्या अंगावर रुखमाचं हिरवं लुगडं, पायात रुखमाच्या पडून राहिलेल्या चपला, छातीवर पट्ट्याने बांधलेला कॅमेरा. मागे खुर्चीत रुखमा, खुर्ची ढकलणारा पुनाजी, आणि घाम पुसत ऋचा. चंचल चार पावलं चालली आणि रुखमा ओरडली, "थांब! नवरीवानी ठुमकून काऊन राह्यली वं? मी अशी चालतो का?"

"मंग कशी चालू?"

"टाच टेकव आधी. दनादना चाल. कामाले चालली तू, साक्षगंधाले नाई!"

दुसऱ्या खेपेला चाल बरी आली, पण हात मोकळे होते. रुखमाने पाच शेर कणकेची परात चंचलच्या डोक्यावर चढवायला लावली. "वजन असल्याबिगर पाय बरोबर पडत नाई." तिसऱ्या खेपेला हातपंपाजवळ एक म्हातारा आडवा आला. "काय वं चंचल, छातीवर काय बांधलं?"

"रुखमाबाईचे पाय!" चंचल न थांबता म्हणाली.

पाच खेपा झाल्या. घरापासून हातपंप, नाली, मारुतीचा पार, बाजाराचा रस्ता. शेवटच्या खेपेला चंचलची मान मोडायला आली होती आणि रुखमा म्हणाली, "हे माही चाल." चंचलने परात उतरवली आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "बाई, वीस वर्षं अशी चालली तू? तरीच आमाले पयत यावं लागे तुह्या मांगं."

दोन आठवड्यांनी ते तयार होऊन आलं. रुखमाच्या डोळ्यांवर यंत्र बांधलं. खाली हिरवं लुगडं, गोंदलेल्या पोटऱ्या, आपल्याच चपला. पाय दणादणा निघाले. रुखमाची मान खाली, ओठ घट्ट. नाली आली तेव्हा खुर्चीतल्या रुखमाचा उजवा हात आपोआप उचलला आणि त्याने मांडीवरच्या निऱ्या वर धरल्या, भिजू नयेत म्हणून. हसायला तोंड उघडलेल्या चंचलने ते मिटून घेतलं.

यंत्र काढायला ऋचा पुढे आली तर रुखमा म्हणाली, "थांबा मॅडम. बाजार येऊ द्या."

त्यानंतरचं सगळं चढतं होतं असं नाही. केंद्राने यंत्र पुनाजीच्या हवाली केलं, त्याने ते चार्ज करणं शिकून घेतलं. वीज गेली की तो केंद्राला आणि वीजमंडळाला सारख्याच शिव्या द्यायचा. काही दिवस आग उतरायची, काही दिवस ढिम्म. पण कागदावरचा आकडा वाढत गेला. पंचवीस, चाळीस, पावसाळ्यात पंचावन्न, दिवाळीला ऐंशी. पुनाजीने अंगणात विटांची उंच चूल बांधली, खुर्चीत बसून मडक्यावर हात पोचेल अशी, आणि चूल व पाय यांच्यामध्ये जाड पत्रा उभा केला. निखाऱ्याचा धडा त्यांना एकदाच पुरला. दर दहा रोट्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन रुखमा अंग उचलते, बसल्या जागी फोड येऊ नयेत म्हणून. ते ऋचाने शिकवलं. बघणाऱ्याला वाटतं बाई आळस देते आहे.

यंदाच्या माघात माझी भाची मोनाली हिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आष्टीला होतं. मी वहिनीला, चारुताला, सांगितलं की रोट्यांना रुखमालाच बोलव. अपघातानंतर पंगतीचं काम तिने घेतलं नव्हतं. चारुताचा जीव खालीवर झाला. "अगं, पण ती खुर्ची मांडवात... वराकडच्यांना बरं दिसेल का? आणि मधेच तिला झेपलं नाही तर?" माझ्या माहेरची माणसं वाईट नाहीत. पण पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे घरातलं खरं आधी पडद्याआड जातं.

रुखमाने होकार कळवला. पुनाजी आदल्या दिवशी येऊन चूल बांधून गेला. सकाळी रुखमाने स्वतः कणकेत बोट घालून बघितलं, आणखी पाणी मारायला लावलं, तासभर मुरू दिली, आणि पहिली रोटी टाकली. तिच्या एका बाजूला चंचल, पलीकडे बाकीच्या तिघी. पहिली पंगत उठली. दुसरी बसली. वराकडचे दीडशे येणार होते, ते दोनशे आले. चारुताच्या तोंडचं पाणी पळालं.

रुखमाच्या नव्वद झाल्या होत्या तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. कपाळावर घाम होता, पण तो चुलीचा नव्हता. जबडा आवळलेला. तिने शेवटची रोटी उतरवली, हात पुसले आणि पुनाजीला नजरेने बोलावलं. त्याने खुर्ची ताडपत्रीच्या आडोशाला नेली आणि यंत्र तिच्या डोळ्यांवर बांधलं. चंचलने दोन्ही मडक्यांचा ताबा घेतला.

नेमकी तेव्हाच चारुता आली. समोर दोनशे माणसं, आणि तिची रोटीवाली डोळ्यांवर काळं काहीतरी बांधून बसलेली. "अहो, पंगत खोळंबली आहे आणि या सिनेमा कसला बघतात?"

चंचलने रोटी कोपरावर खेळवतच उत्तर दिलं, "सिनेमा नाई ताई. चालाले गेली आहे. येते आता."

चारुता माझ्याकडे बघू लागली. मी तिच्या हातात रोट्यांचं टोपलं दिलं आणि पंगतीत वाढायला पाठवलं.

वीस मिनिटांनी रुखमा परत चुलीशी आली. मडक्यावर पाण्याचा शिपका मारून ताव बघितला, म्हणाली, "लाकूड सारा मांगं," आणि गोळा उचलला. तिसरी पंगत बसली, उठली, चौथीला वाढपी जेवले. रोटी एकदाही कमी पडली नाही. शेवटी पुनाजीने तिला विचारलं किती झाल्या, तर ती म्हणाली, "कोन मोजते? पंगत उठली ना."

सगळ्यांत शेवटी बाया जेवायला बसल्या. वराची आत्या, आर्वीकडची, ठसठशीत बाई, ताट घेऊन रुखमाच्या शेजारीच येऊन टेकली. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे बारसं होतं. तिने बराच वेळ खुर्चीकडे न बघायचा प्रयत्न केला, मग सरळ विचारलं, "बाई, त्रास होत नाही का हो तुम्हाला?"

"होते ना. रोज होते. आताई होऊन राह्यला," रुखमा रस्सा ओढत म्हणाली. "बारशाले मानसं किती?"

"तीनशे धरा."

"चूल माहा घरवाला बांधते, विटा तुमच्या. कनीक मी पाहीन, कोनी मधात हात घालाचा नाई. अन् मधात मले वीस मिनिटं लागते. ते आताच सांगून ठेवतो, मंग कोनी कुरकुर नाई पाह्यजे."

"वीस कशाला, अर्धा तास घ्या."

"वीस पुरे," रुखमा म्हणाली, आणि उरलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकायला तिने चंचलला हाक मारली.